एकशे त्रेचाळीस नंबरचं गाठोडं

"रांगेत आहे तुमचं गाठोडं, आजी," संग्रहालयाचे प्रमुख डॉ. इबार्गुरेन म्हणाले. "दीड कोटी वर्षं थांबलाय तो पक्षी. तुम्ही अजून एक वर्ष थांबा."

"पक्ष्याचं काय जातंय? त्याची आई थोडीच वाट बघत बसलीय," एदेल्मिरा म्हणाली. "आज मी उठणार नाही."

नऊ तास बसमध्ये आदळत ती चौथ्यांदा आली होती. वय चौऱ्याऐंशी.

बाहेर दालनात तो पक्षी उभा होता. माणसाहून उंच, पंख नावाला, डोकं घोड्याच्या डोक्याएवढं. एदेल्मिराच्या नवऱ्यानं, सेफेरीनोनं, तो कुदळीनं शोधला. पाटीवर नाव मात्र एका डॉक्टरचं. खणणाऱ्याचं नाव पाटीवर घालायची इथे पद्धत नाही.

हाड माळावर उघडं काढत नाहीत. मातीसकट गोणपाटात गुंडाळायचं, वर प्लास्टर थापायचं, ट्रकमध्ये घालायचं. फोडायचं नंतर. नंतर म्हणजे साहेबांना सवड होईल तेव्हा. एकशे त्रेचाळीस नंबर १९७७ पासून तळघरात पडून होता. वर सेफेरीनोचं वाकडंतिकडं अक्षर: पक्षी. कंबर आणि पाय.

"अख्खा पक्षी आहे की आमच्याकडे. या पायाची एवढी काय घाई?"

"नवरा शेवटी त्याच्याबद्दलच बोलत होता. मला एकदा बघायचंय, बस."

डॉक्टर वैतागले. सह्या झाल्या.

तळघरात नोएलियानं करवत लावली. हाडं साफ करायचं काम तिचं. "तिप्पट प्लास्टर थापलंय आजोबांनी. फारच जपलंय."

"तेव्हा लष्कराचं राज्य होतं, रस्त्यात त्यांची चौकी होती. शिपाई बंदुकीच्या दस्त्यानं ठोकून बघायचे. पक्ष्याची हाडं म्हटलं की हसायचे, जा म्हणायचे."

"आणि या गाठोड्याबद्दल तुम्हाला चाळीस वर्षं सांगितलंच नाही?"

"भित्रा होता मेला. मरताना बोलला."

"माझा नवरा तर चावी कुठे ठेवली तेही सांगत नाही," नोएलिया हसली.

एदेल्मिराही हसली. हात मात्र गाठोड्यावरच होता.

प्लास्टरचं झाकण निघालं. नोएलियानं गोणपाट उलगडलं, माती झटकली आणि तिचा ब्रश थांबला. खाली तपकिरी लोकर होती. एक बाही.

"हे काय आहे?" डॉक्टर वाकले.

"हळू काढ, पोरी, उसवेल," एदेल्मिरा म्हणाली. "आमच्या लेकाचा, लेओनेलचा स्वेटर आहे. शिपायांनी त्याला धरून नेलं, तेव्हा अंगात हाच होता."