नऊ तारखेपासून सुट्टी

पुढच्या महिन्याच्या उड्डाणांची पसंती भरताना वैमानिक शर्वाणी टेंबेने एकच दिवस मोकळा मागितला होता. बावीस तारीख, बाबांचं कीर्तन. वेळापत्रक लावणाऱ्या यंत्राने बावीसला तिला दुबई दिली, आणि नऊपासून एकवीसपर्यंत न मागता सुट्टी.

"सलग तेरा दिवस? लॉटरीच की गं!" सहवैमानिक घारपुरे म्हणाला आणि ते तेरा दिवस बोटांवर पुन्हा मोजू लागला. यंत्र घरच्यांच्या तब्येतीचे अहवालही वाचतं, आणि त्याचा अंदाज आजवर चुकलेला नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने घाईघाईने सात आणि आठ तारीख मागितली. उत्तर आलं, "सबळ कारण आढळत नाही."

तिने बाबांना फोन लावला. नऊपासून सुट्टी आहे म्हणाली. किती दिवस, ते सांगितलं नाही.

"देव पावला! मग कीर्तन नऊलाच ठेवतो. तू पोचेपर्यंत पूर्वरंग लांबवीन, पोरी. दम पुरतो अजून."