पोत्यातला हत्ती

"हत्ती कुणी कुणी पाहिलाय?" अंजनीनं तक्त्यावरच्या चित्राला छडी लावत विचारलं.

शहापुरातल्या मुलींच्या शाळेचा पहिलीचा वर्ग. मागं खुर्चीवर ट्रेनिंग कॉलेजच्या रुक्माबाई मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. शिकाऊ अंजनीचा पहिला पाठ त्यांनी नापास केला होता. हा दुसरा, आणि शेवटचा. सोमवारचा उपास असल्यानं तिच्या पोटात सकाळचं कपभर दूध तेवढं होतं.

एकच हात वर आला. विणकराच्या नीलव्वाचा! शाळेत येऊन तिला आठवडा झाला, पण तोंडातून शब्द फुटला नव्हता. "पोरगी बोलंना, तर पाठवू कशाला? घरात बसून सुताच्या कांड्या तरी भरंल," असं तिचा बाप परवाच दारात सांगून गेला होता.

"बाई, आमच्या घरात लई हत्ती हाय."

"घरात?"

"व्हय. पोत्यात."

वर्ग खदखदून हसला. "पोत्यात हत्ती! आन् सोंड गं? भाईर लोंबतीया व्हय?" पुढच्या रांगेतली जयवंता ओरडली. नीलव्वानं हात खाली घेतला, पाटी काखेत मारली आणि ती सरळ दाराकडं निघाली.

"पाठ पुढं न्या," मागून रुक्माबाई म्हणाल्या. "हे टाचणात नाही."

हत्ती... पोत्यात... आणि अंजनीला एकदम गावाकडच्या शेजारच्या कानडी आक्का आठवल्या. देवाच्या वाती वळता वळता हात पुढं करायच्या, "स्वल्प हत्ती कोडव्वा," म्हणजे थोडी हत्ती दे गं.

तिनं छडी टेबलावर ठेवली. दारात जाऊन नीलव्वापुढं उकिडवी बसली.

"तुझी हत्ती कसली असती गं?"

"पांढरी." पोरीनं बोटांची चिमूट करून दाखवली. "मऊ. फुंकली की उडतीया. अव्वा सूत काढती तिचं."

हसणं थांबलं. अंजनीनं हाताला धरून तिला फळ्याशी आणलं आणि खडूनं कापसाचं बोंड काढलं.

"पोरींनो, कानडीत कापसाला हत्ती म्हणतात. नीलव्वा खरं तेच बोलली. आता सांगा, हिच्या हत्तीचं पहिलं अक्षर कुठलं?"

"ह!"

"आणि या सोंडवाल्याचं?"

"ह!"

नीलव्वानं न सांगता खडू उचलला आणि बोंडाखाली भला थोरला ह काढला.

"बाई, हालु! म्हंजी दूध!" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं.

"हूवु! फूल!"

"आमास्नी बी येतंय की कानडी," जयवंता उठूनच उभी राहिली. "हुडगी! म्हंजी पोरगी!"

अंजनीला लिहिता लिहिता दम लागला. घंटा वाजली, तरी एक पोर जागची हलली नाही. मग तिला पाठाची आठवण झाली. तिनं भीत भीत मागं पाहिलं.

रुक्माबाईंची वही मिटलेली होती आणि हात वर होता.

"हुणसे," त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरी चिंचेला म्हणतात. फळ्यावर जागा आहे का, बाई?"