पिवळा ठिपका

“दोन पावलं डावीकडे,” फोटोग्राफर फोनवर म्हणाला. “तुझ्या नाही, माझ्या डावीकडे.”

चौकाच्या पलीकडे, घड्याळाच्या मनोऱ्याखाली उभा असलेला पिवळा ठिपका सरकला. हा ठिपका म्हणजे त्याची बायको. मनोरा केवढा उंच आहे हे कळायला पायथ्याशी माणूस हवं, असा त्याचा हट्ट होता, आणि पहाटे साडेपाचला एका शब्दावर येऊन उभं राहणारं माणूस त्याला जगात एकच मिळालं होतं. स्वेटर पिवळा, म्हणजे लांबून दिसतो. तोंड मनोऱ्याकडे, पाठ कॅमेऱ्याकडे. पूल, घुमट, धरणाच्या भिंती, बावीस वर्षं ती सगळ्यांखाली अशीच उभी राहत आली होती.

“अजून किती वेळ?”

“आठ मिनिटं. हलू नकोस.”

या जागेवरून मनोऱ्याच्या वरच्या कमानीत सूर्य बरोबर मधोमध दिसतो, तो वर्षातून मोजून तीन दिवस. परवा ढग आले, काल धुक्याने वाट लावली. आज शेवटची संधी होती. आणि आजच दुपारी तिला दवाखान्यात दाखल व्हायचं होतं, उद्या सकाळी ऑपरेशन. डॉक्टरांनी कागदावर चेहरा काढून दाखवला होता, मग पेन्सिलीने गाठ असलेला उजवा जबडा खोडून दाखवला होता. बोलता येईल, खाताही येईल, फक्त चेहरा तोच राहणार नाही. काल तिथून घरी आल्यावर दोघांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. “उद्या मनोऱ्याला जायचं ना?” असं तिनेच विचारलं होतं आणि त्याने सुटल्यासारखं हो म्हटलं होतं.

“अहो,” फोनमधून आवाज आला.

“बोल.”

“आज तुमच्याकडे तोंड करून उभी राहू का?”

“कशाला? इथून काय दिसणार आहे?”

“काही नाही. सहज विचारलं.”

तो पुन्हा कॅमेऱ्यावर वाकला. कमानीची कड उजळायला लागली होती. चार मिनिटं. त्याने फोकस तपासला, ट्रायपॉडचा पाय जरा दाबला, आणि मग तो ‘सहज’ त्याला टोचायला लागला. आज पहाटे ती आरशापुढे बराच वेळ उभी होती. त्याने दारातून हाक मारली होती, “अगं, त्या मनोऱ्याला काय करायचंय तुझ्या केसांचं?” ती फणी ठेवून बाहेर आली होती.

बावीस वर्षं. घरात भिंतभर फोटो आणि बायकोचा चेहरा म्हणाल तर तिच्या ओळखपत्रावर, तोही धूसर. माणसं हलतात, म्हणून तो माणसांच्या वाटेला जात नसे. एवढा हुशार माणूस, पण एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरायला त्याला सूर्य कमानीत यायची वेळ आली.

त्याने कॅमेरा ट्रायपॉडवरून काढला आणि चौकातून पळत सुटला. साठीच्या माणसाने जसं पळावं तसा, थोडा तिरका आणि बराचसा धापा टाकत.

“अहो, काय झालं?” ती घाबरली. “सूर्य येतोय ना? जा, जा परत!”

“राहू दे. मनोरा काय, कुठे जात नाही.”

बोलला आणि त्याने जीभ चावली. तिने ते ऐकलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. त्याची अशी बरीच वाक्यं तिने आजवर सोडून दिली होती.

“सावलीत आहेस. इकडे ये,” तो म्हणाला. तिचा हात धरून त्याने तिला चार पावलं बाहेर, उन्हात आणलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याने लेन्स आणलीय ती इमारतींची. अख्खा मनोरा मावणारी. चेहरा घ्यायचा तर हातभर अंतरावर जायला हवं. तो गेला. इतक्या जवळून कॅमेऱ्यातून कुणाला बघायची त्याला सवय नव्हती.

“हस.”

“कशी?”

“नेहमी हसतेस तशी.”

“मी नेहमी कशी हसते ते तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही चौकाच्या त्या टोकाला.”

आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली. त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मागे वर कमानीत सूर्य येऊन थांबला असेल, नसेल; दोघांनीही मान वर केली नाही.

त्याने तिला पडद्यावर फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. डावा गाल, डावा डोळा, अर्धं हसू. उजवी बाजू त्याने सांभाळून बाहेर ठेवली होती. सुजलेली गाठ दिसू नये म्हणून. त्याच्या मनात प्रेमच होतं, दुसरं काही नव्हतं.

“छान आलाय,” ती म्हणाली. मग वळली आणि उजवा गाल उन्हाकडे केला. “आता हा काढा. डावा तर राहणारच आहे.”

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, पण हात थरथरायला लागले. ट्रायपॉड पार पलीकडे राहिला होता. तिने हात लांब करून त्याचं कोपर खालून घट्ट धरलं.

“हं,” ती म्हणाली. “काढा.”