कुंकवाचा कौल

"गर्भपातावर कायद्यानं बंदी आणा, अशी मागणी आपल्या महिला मंडळातर्फे आमदारांकडे जाणार आहे," संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांना अध्यक्षबाई म्हणाल्या. "हात वगैरे वर करायला नकोत. ज्यांना पटतंय, त्यांनी कुंकू लावून घ्या."

कुंकवाला नाही कोण म्हणणार? करंडा रांगेतून सरकत येत होता. शालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. तिला उठून जायचं होतं, पण शेजारी सासू गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. मागच्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं, "हे चौथं बाळंतपण हिच्या जिवावर बेतेल. गर्भ पाडायचा तर लवकर ठरवा." तेव्हा सासूनं मान डोलावली होती. आता मात्र करंडा पुरता पोचायच्या आतच तिनं कपाळ पुढे केलं.

मग करंडा शालनपुढे आला. सवयीनं तिचीही मान झुकली.

"एकमतानं मंजूर!" अध्यक्षबाई म्हणाल्या. टाळ्या सुरू झाल्या.

शालनचं कपाळ चुरचुरायला लागलं. ती उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तिनं पदरानं कुंकू खसाखसा पुसून टाकलं. टाळ्या थांबल्या.

"अगं अवदसे," सासू ओरडली, "नवरा जिवंत आहे तुझा!"

"आहे ना," शालन म्हणाली. "मलाही राहायचंय जिवंत."