बेकरीचा बिल्ला

"बाबा, हा एवढा एक बिल्ला मिळाला की अल्बम पुरा," सून म्हणाली. "चला की. बेकरी कोपऱ्यावर तर आहे."

"माझे पाय कुठे चालतात आता? तूच जाऊन ये," सासरे खुर्चीतूनच म्हणाले.

"मला बिल्ल्यांतलं काय कळतं? खोटा गळ्यात मारतील."

"बरं बाई. पण बाळाला घेऊन चल."

युद्धाच्या दिवसांत सुटी नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा इथल्या दुकानदारांनीच पत्र्याचे बिल्ले काढले होते. एक बिल्ला द्या, एक पाव घ्या. न्हाव्याचा द्या, दाढी करून घ्या. सासऱ्यांनी जन्मभर ते जमवले. पण सासूबाई गेल्यापासून तिने त्यांना घराबाहेर पडताना पाहिलं नव्हतं. असेच बसून राहिले तर पाय कायमचे जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांनीच अल्बममधला रिकामा कप्पा दाखवला. "बेकरीचा तेवढा राहिला बघ." कप्प्याच्या कागदावर गोल ठसा उमटलेला होता.

तिने फोनवरून शोधून तसाच बिल्ला मागवला आणि नवऱ्याच्या हाती बेकरीत पाठवला. सोबत निरोप: आम्ही आलो की जुन्या ड्रॉवरमध्ये सापडल्यासारखं करा.

रस्त्यावर तिने बाळाचं टोपरं तीनदा सारखं केलं. मोटार दिसली की ती बाबागाडी थांबवायची.

"अगं, गुदमरेल ते! तोंडावर जरा ऊन पडू दे."

"दमलात का, बाबा?"

"मी? तू दमलीस का ते सांग."

बेकरीवाल्याने दोघांना पाहून गरजेपेक्षा मोठ्याने स्वागत केलं. ड्रॉवर उघडला, बराच वेळ चाचपला, आणि "सापडला!" म्हणत मूठ उघडली.

तळहातावर दोन बिल्ले होते. अगदी एकसारखे.

तिने चटकन मागे वळून पाहिलं. सासरे मात्र बाबागाडीवर वाकून नातवाशी बोलण्यात गुंग होते.

"दोन कसे?" ती कुजबुजली. "मी एकच पाठवला होता."

"दुसरा आजोबांचा," बेकरीवाला हळूच म्हणाला. "रोज दुपारी तुम्ही बाळाला घेऊन आडव्या झालात की ते दोन चौक फिरून इथे टेकतात. काल म्हणाले, बाळंतपणापासून सूनबाईने घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही, तिला बाहेर काढायला काहीतरी निमित्त हवं."