पाराखालचं गवत

तळ्याकाठच्या पारावर दर शनिवारी महादेवरावांचं भाषण असे. अहिंसेपासून सुरू होऊन ते भूदानापर्यंत पोचेस्तोवर दिवेलागण होई. गावानं अजून वीतभरही जमीन दिली नव्हती.

त्या साली रानबदकाच्या मादीनं पाराखालच्या गवतात अंडी घातली. महादेवरावांनी बोलताना हात उगारला, की ती फिस्कारत येई आणि त्यांची पोटरी धरी. भाषण अहिंसेतच आटपे.

"हाकला रे तिला!" महादेवराव ओरडले.

"कसं हाकलाव जी?" समोर बसलेल्या रुखमानं हात जोडले. "अंगावर येनाऱ्यालेबी प्रेमानं जिंका, हे तुमीच तर सांगून राह्यले."

अंडी फुटली. मादी पिल्लं घेऊन तळ्यात उतरली. पुढच्या शनिवारी महादेवराव पूर्ण अंधार पडेपर्यंत बोलले आणि पाराभोवतीचं गवत कापायला त्यांनी श्रमदान पुकारलं. दुसऱ्या दिवशी झाडून सारं गाव विळे घेऊन आलं. पार लख्ख झाला. घरट्याच्या जागेचं गवत मात्र तसंच उभं होतं.

"एवढंच का ठेवलं?"

"पुढल्या सालीबी यायले पाहिजे नं तिनं," रुखमा म्हणाली. "लिहून घ्या जी, आमच्या गावाचं पयलं भूदान."