कुणाची हरकत?

जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळाची बैठक यंदाही संभाजीनगरात झाली. बैठकीचं इतिवृत्त वीस वर्षं श्रीनिवासच लिहायचा. पोळ्याच्या आठवड्यात तो गेला आणि त्याच्या खुर्चीवर अनुकंपेवर त्याची बायको उमा बसली.

दुपारी ती सकाळचं रेकॉर्डिंग ऐकत होती. आधी सुट्ट्यांची यादी, मग इमारतीचा भाडेकरार. प्रत्येक विषयानंतर अध्यक्ष विचारत, "कुणाची हरकत?" मग शांतता. "शांतता पुरी ऐकायची, मगच 'सर्वानुमते मंजूर' लिहायचं," असं श्रीनिवास सांगायचा.

शिपाई कडूबानं चहा आणला. दोन कप.

"दुसरा कुणाचा, कडूबा?"

"सायबाचा. हातच ऐकत नाय बगा, बाई."

त्यानं तो कप परत नेला नाही. तिनंही 'ने' म्हटलं नाही.

शेवटचा विषय श्रीनिवासच्या शोकप्रस्तावाचा होता. सगळे उभे राहिल्याचा आवाज आला, आणि अध्यक्षांनी सवयीनं याही वेळी विचारलं, "कुणाची हरकत?"

सकाळी उमा तिथंच होती. कुणी बोललं नव्हतं.

आता रेकॉर्डिंगमधल्या त्या शांततेत कुणीतरी घसा खाकरला, ताटावर बसताना श्रीनिवास खाकरायचा तसाच.

"माझी आहे, उमा. लिहून घे."